नावेतली संथा

आमच्या ह्यांना वाचता येत नव्हतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडात बोट घालायला नको. वेणीमाधव रामकृष्ण करंबेळकर, गंगेकाठी बालाजी घाटावरच्या गल्लीतल्या पाठशाळेचे वेदगुरुजी, अख्खी संहिता मुखोद्गत, उलटी म्हणा की सुलटी म्हणा. आणि मिठाचा डबा कुठला नि पिठीसाखरेचा कुठला, हे चिठ्ठी चिकटवलेली असूनही झाकण उघडून चाखल्याशिवाय कळायचं नाही. एकोणतीस वर्षं ही मूठ मी झाकून ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी.

दोष त्यांचा नव्हता, सासऱ्यांचा म्हणावा तर तेही देवाघरी गेले. पाचव्या वर्षी पोराला समोर बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि स्वर वर गेला की डोकं वर, खाली गेला की खाली, अशी संथा दिली. आपण दोनदा म्हणायचं, पोराकडून म्हणवून घ्यायचं. पोथीला हात लावायचा नाही, संहिता पुरी होईस्तोवर नाही. "पाहून म्हणतो तो अधम," असं ते म्हणायचे. संहिता पुरी झाली सोळाव्या वर्षी आणि त्याच पावसाळ्यात सासरे गेले. अक्षरं शिकवायची राहूनच गेली. तोवर म्हातारी माणसं ह्यांच्या पाया पडायला लागली होती. आता 'क' कसा काढतात, हे विचारायचं कुणाला?

मी सागर गावची, सातवी शिकलेली. लग्नानंतर पंधराएक दिवसांत माझ्या भावाचं पत्र आलं, तर ह्यांनी ते न उघडता माझ्या हातात दिलं. "तुझ्या माणसांचं आहे, तूच वाच," म्हणाले. काय उदार नवरा मिळाला, असं वाटून मी खूश. महिन्यानं ह्यांच्या मामांचं पत्र आलं, तेही माझ्या हातात. तेव्हा कळलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी पंचांग वाचायचं, एकदाच. तिथी, वार, नक्षत्र, करण. हे डोळे मिटून ऐकायचे आणि दिवसभर यजमानांना सांगत फिरायचे. यजमानांकडे जाताना काखेत लाल फडक्यातली पोथी हवीच. समोर उघडी ठेवायची आणि अंदाजानं पानं उलटायची. एकदा घाईत मी फडक्यात गेल्या सालचं पंचांग बांधून दिलं. त्याच्यावर डोळे लावून ह्यांनी अख्खं श्राद्ध चालवलं, वर यजमान म्हणाले, गुरुजी किती बारकाईनं वाचतात. सही म्हणजे एक लांबडी वळवळती रेघ. मोठ्या माणसांच्या सह्या तशाच असतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

चौऱ्याण्णव सालच्या ज्येष्ठात श्रीनिवास कागद घेऊन आला. श्रीनिवास म्हणजे पाठशाळेचा कारकून, मनानं भला, जिभेला हाड नसलेला. मी अंगणात पापड वाळत घालत होते. युनिव्हर्सिटीतल्या आणि बँकेतल्या मराठी घरांत माझे पापड जायचे.

"वहिनी, गुरुजींना द्या. पाठशाळेला सरकारी अनुदान मिळणारे. भाद्रपद सरता सरता इन्स्पेक्टर येईल. प्रत्येक गुरुजीनं त्याच्यासमोर एक उतारा वाचायचा, दोन ओळी लिहायच्या. खानापूर्ती आहे झालं."

"आणि कुणाला नाही जमलं तर?"

श्रीनिवास हसला. "नाही कसं जमेल? वाचता येत नाही असा गुरुजी बघितलाय तुम्ही कुठे?"

त्याला ताक दिलं आणि वाटेला लावलं. मग बघते तर पापडावर पापड घातलेले, दहा-बारा एकमेकांना चिकटून गेले.

हे जेवायला बसले तेव्हा कागद वाचून दाखवला. ज्याला जमणार नाही त्याची जागा जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. जागा जाईल म्हणजे एकोणीस वर्षांची पाठशाळा जाईल, आणि आम्ही राहत होतो त्या दोन खोल्या पाठशाळेच्याच, म्हणजे त्याही गेल्या. ह्यांनी भात संपवला, शेवटचं आपोशन घेतलं.

"अगं, अक्षरं किती असतात?"

"असतील पन्नासेक."

"पन्नास," हे म्हणाले आणि चक्क हसले. "सात वर्षांचा होतो तेव्हा तीन महिन्यांत एक अख्खा अध्याय केला होता मी."

मलाही वाटलं, खरंच की. ज्याच्या डोक्यात एवढा समुद्र आहे, त्याला पन्नास थेंब जड का जातील?

पण शिकवणार कोण? मी बसले चार दिवस पाटी घेऊन. मी 'क' म्हटलं की हे 'क' म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे, पुढचं सांग म्हणून. पाटीकडे काही बघायचे नाहीत. माझा स्वभाव तापट. पाचव्या दिवशी मी पाटी आपटली.

पापड न्यायला विद्युल्लता यायची. रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर भुसावळहून बदलून आलेली, तिशीची, सायकलवर फिरणारी. साक्षरतेच्या कामात होती. मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, बायका शाळेत यायला लाजतात, म्हणून ती दुपारी चार वाजता नावेतच वर्ग भरवायची. तेव्हा गिऱ्हाईक नसतं, नावा रिकाम्या असतात. तिला पापड मोजून देता देता माझ्या तोंडून निघून गेलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मी हे कुणाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मला रडू आलं.

ती हसली नाही. "मी घरी येते शिकवायला," म्हणाली.

हे आतून म्हणाले, "घरी नको. गल्ली बघेल."

"मग नावेत या, गुरुजी. तिथं सगळे तुमच्यासारखेच आहेत."

तुमच्यासारखेच, हा शब्द ह्यांना लागला असणार. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता उपरणं डोक्यावरून घेऊन हे निघाले. मी वातींचा कापूस घेऊन मागोमाग. घाटाचे दगड असे तापलेले की पाऊल ठेववत नव्हतं. नाव रामरतीची. रामरती म्हणजे साठीची मल्लाहीण, दात चार, आवाज चाळीस दातांचा. ह्यांना बघून ती उठून उभी राहिली, तशी नाव डगमगली.

"आवा पंडितजी. हमरे नाव में आज पत्रा खुली का?" पत्रा म्हणजे पंचांग.

"नहीं," हे हिंदीत म्हणाले, "मैं पढ़ने आया हूँ."

सगळ्यांनी वळून बघितलं. सहा बायका, दोन पुरुष. एकीनं पदर तोंडात धरला. हे ताडपत्रीच्या सावलीत अगदी टोकाला, घाटाकडे पाठ करून बसले. मी पायरीवर बसले, वाती वळत, कुणी ओळखीचं उतरतंय का बघत.

विद्युल्लतानं पुस्तक उघडलं. "नाव चली. पानी चढ़ा. रस्सी पकड़." सगळ्या म्हणाल्या. ह्यांनी पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि संथा घ्यावी तसं दोनदा म्हटलं. डोकं आपसूक वर-खाली होत होतं.

पाचव्या दिवशी ह्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, बोट फिरवत, एकही चूक न करता म्हणून दाखवलं. विद्युल्लतानं पहिल्या दिवशी मलपृष्ठावरचं 'केवल निःशुल्क वितरण हेतु' वाचून दाखवलं होतं, तेही सोडलं नाही.

"पंडितजी त पाँचे दिन में पार हो गइलन," रामरती म्हणाली, "हमनी के अबहीं घाटे पर बन्हल बानी." आम्ही अजून घाटालाच बांधलेल्या, म्हणे.

मला तर वाटलं नारळ फोडावा. विद्युल्लता मात्र ह्यांच्याकडे बघत राहिली. मग पुस्तक घेतलं, मधलंच एक पान काढून पुढे केलं.

"गुरुजी, हा धडा वाचा बरं."

ह्यांनी बोट ठेवलं. "नाव चली. पानी चढ़ा..."

"पंडितजी," रामरती हळूच म्हणाली, "ई त कोंहड़ा वाला पन्ना ह."

पानावर हा एवढा मोठा लाल भोपळा छापलेला. ह्यांनी तोही बघितला नव्हता. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुस्तक मिटून त्यांनी ते कपाळाला लावलं, पोथी लावतात तसं, आणि परत दिलं.

विद्युल्लता मला पायरीवर येऊन म्हणाली, "काकू, त्यांचे डोळे कधी कामालाच लागलेले नाहीत. कानावर पडलं की तोंड घेऊन टाकतं. मी जितकं वाचून दाखवीन तितकं नुकसान. आता आवाज बंद."

"म्हणजे?"

"मी काही म्हणणार नाही, तेही नाही. फक्त हात. आणि तुम्ही, काकू, तुम्ही सांगायचं नाही. अडले तर अडू द्या. तुम्ही एकोणतीस वर्षं वाचून दाखवत आलात, आता गप्प बसा."

सातवी शिकलेल्या बाईला असं कुणी बोलत नाही. पण मी ऐकून घेतलं.

तेव्हापासून ह्यांची शिकवणी वेगळी. नावेच्या फळीवर ओली वाळू पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं. परक्या बाईनं गुरुजींचा हात धरायचा कसा, म्हणून मी नावेत जाऊन बसले आणि ह्यांचं बोट माझ्या मुठीत धरलं. चार माणसांत, भरदिवसा, मी ह्यांचा हात लग्नातच काय तो धरला होता. रामरतीनं एक डोळा बारीक केला. "धरा धरा, पंडिताइन. पंडितजी बह न जाएँ," म्हणाली. मीही हसले. ते दिवस बरे होते.

ह्यांच्या नावातलीच अक्षरं घेतली. व बसेना, ब होऊन जायचा. ण म्हणजे तर भांडणच. पण म आला. कसा कोण जाणे, तिसऱ्या दिवशी आला आणि गेला नाही. घरी ताटातल्या वरणावर, अंघोळीच्या दगडावर, माझ्या लाटलेल्या पापडावर सुद्धा ह्यांच्या बोटाचा म उमटलेला. मी ओरडले, "पापड विकायचेत मला." पण तो पापड मी बाजूला ठेवला, विकला नाही.

आषाढ असा गेला. दिवसा पाठशाळा, यजमान, आणि चार वाजता नाव. दर तीन-चार दिवसांनी एक अक्षर. तेही टिकेल याचा भरवसा नाही. कुठून कुणी मोठ्यानं काही वाचलं की ह्यांचे डोळे मिटायचे आणि आदल्या दिवशीचं अक्षर पुसून जायचं. तोवर रामरती काडेपेटीवरचं नाव वाचायला लागली होती. वाचलं की आधी ह्यांच्याकडे बघायची आणि मग काडेपेटी कमरेला खोचायची. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून ती आवाज न करता ओठांतल्या ओठांत वाचायची. त्याचंच ह्यांना जास्त वाईट वाटायचं.

श्रावणात गंगा चढली. रोज चार-पाच पायऱ्या गिळायची. नागपंचमीपर्यंत घाट बुडाले, नावा वर ओढून गल्लीच्या तोंडाशी बांधल्या आणि वर्ग उठला.

विद्युल्लता चिखलातून सायकल ढकलत आली. "काकू, आठ-नऊ माणसं बसतील एवढी जागा कुठं मिळेल?"

आमचं अंगण होतं तेवढं. पण मल्लाहिणी आमच्या अंगणात, पाठशाळेच्या खोलीत, देवघराच्या समोर. शेजारच्या पद्माबाईंनी पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नसता पुढे आमच्याकडचा.

हे म्हणाले, "महिनाभर मी त्यांच्या नावेत बसलो. आता त्यांनी आपल्या अंगणात बसायचं नाही का?"

बसल्या. वाळू नव्हती म्हणून मी परातीत तांदळाचं पीठ पसरलं. पावसाची झड आली की सगळ्या भिंतीला चिकटायच्या आणि मी परात पदराखाली घ्यायची. पद्माबाईंनी तांब्या बंद केला तो केलाच. गल्लीत कुजबुज झाली. कुणी म्हणे गुरुजी मल्लाहांना शिकवतात, केवढं मोठं मन. मी ते तसंच राहू दिलं.

गणपती उठले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीनिवास छत्री मिटत अंगणात आला. हे परातीपुढे बसलेले, बोट पिठात, आणि मी मागून सांगतेय, "अहो, वेलांटी दुसरी, दुसरी." श्रीनिवास उभाच राहिला. छत्रीचं पाणी त्याच्या पायांवर गळत होतं. मग आल्या पावली परत गेला.

ह्यांनी परातीतलं पीठ तळहातानं सारखं केलं. "कळलं त्याला," म्हणाले.

त्या वेळेला सव्वीस अक्षरं येत होती. काना येत होता, वेलांट्यांची गफलत होत होती, जोडाक्षरं तर दूरच. इन्स्पेक्टर यायला सहा दिवस होते.

चवथ्या दिवशी श्रीनिवास पुन्हा आला, ह्यांच्या अपरोक्ष. खिशातून घडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"वहिनी, हा उतारा. काल पलीकडच्या पाठशाळेत तपासणी झाली, तिथं हाच दिला. मी उतरवून आणला. एकदा वाचून दाखवा गुरुजींना. त्यांना एकदा पुरे."

"आणि लिहायचं?"

"लिहिताना मी शाई सांडीन. मग राहून जाईल. मी गुरुजींकडूनच रुद्र शिकलोय, वहिनी."

मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. देव धावून आला, असंच वाटलं. हे आल्यावर कागद काढला.

"नको," हे म्हणाले. "हे वाचणं नव्हे."

"मग वाचणं म्हणजे काय? सहा दिवसांचे दोन राहिले. जोडाक्षर येतं का तुम्हाला? येतं?"

"नाही."

"मग कुठं नेऊन बसवणार आहात मला? घाटावर? पावसात?"

"विद्युल्लताबाईंना विचार."

"तिचा नवरा रेल्वेत आहे. तिचं छप्पर नाही चाललेलं."

मी ओरडत होते. खाली मान घालून हे पाटावर बसले, मांडी घातली आणि डोळे मिटले. एकोणतीस वर्षं जसे मिटले तसेच. मी वाचलं. "छात्रों की उपस्थिति प्रतिदिन प्रातःकाल अंकित की जाए..." बारा ओळी. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ह्यांचं डोकं हलकेच वर-खाली झालं. विद्युल्लताला मी काही सांगितलं नाही.

तपासणीच्या दिवशी चहा-लाडू करायचं माझ्याकडे होतं, त्यामुळे मी पाठशाळेच्या दाराआड होते. इन्स्पेक्टर सज्जन होता, बोलता बोलता सारखा रुमालानं चष्मा पुसायचा. आधीच्या दोघा गुरुजींनी अडखळत, खाकरत वाचलं. मग हे. धुतलेलं धोतर, कपाळी गंध, काखेत ती लाल फडक्यातली पोथी, सवयीनं.

इन्स्पेक्टरपुढे तीन-चार कागद होते. त्यानं गंजिफा पिसावी तसे ते पिसले आणि वरचा उचलून ह्यांना दिला. वरचा आमचाच असेल, असं काही नव्हतं. श्रीनिवासनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही काही करता येण्यासारखं नव्हतं.

हे कागदाकडे बघत होते. खरंच बघत होते. भुवया जवळ आल्या होत्या, अंगठ्यानं कागदाची कड घट्ट धरली होती. वाळूवर बघायचे तसे. आणि मग तोंड उघडलं.

"छात्रों की उपस्थिति प्रतिदिन प्रातःकाल अंकित की जाए."

आवाज केवढा सुरेख ह्यांचा. बारा ओळी, कुठे श्वास तुटला नाही, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं नाही. इन्स्पेक्टरनं चष्मा पुसायचा थांबवला. ह्यांचं संपल्यावर तो उठला, ह्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि कागदावर वाकून बघितलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "यह आपने कहाँ से पढ़ा?"

ह्यांनी कागद त्याच्यापुढे धरला.

"इसमें तो अवकाश का नियम लिखा है." मग त्यानं श्रीनिवासकडे बघितलं आणि दाराकडे. माझ्या हातात लाडवांचं ताट होतं. मला ते खालीही ठेवता येईना आणि आतही नेता येईना.

इन्स्पेक्टर हळू आवाजात म्हणाला, "मेरे हाथ में कुछ नहीं है, गुरुजी. बहुत लोग बैठे हैं यहाँ." त्यानं एक कागद पुढे केला आणि सही करायला सांगितली. नाव लिहायला हे शिकले होते. पिठात पन्नासदा लिहिलं होतं, वेलांट्या चुकल्या तरी वाचता यायचं. लेखणी हातात घेतली, कागदाला टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी ती जुनीच रेघ ओढली, वळवळती.

घरी आलो. पोथी जागेवर ठेवून हे पाटावर बसले.

"मला कळलं होतं," म्हणाले.

"काय?"

"पहिलं अक्षर म होतं, अगं. स्पष्ट म. तुझ्या उताऱ्याचं पहिलं अक्षर छ. म्हणजे हा कागद तो नव्हे, हे मला कळलं होतं."

"मग म्हणालात कशाला?"

"कसं थांबवू? दुसरं काही म्हणायला नव्हतंच माझ्याकडे. म च्या पुढचं जोडाक्षर होतं."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या चिठ्ठीशिवाय हे गेले असते तर म वाचला असता, अडले असते, नाही म्हणाले असते. माणसाला नाही म्हणता येतं. मी त्यांचं तेवढंही ठेवलं नाही. हे मी त्यांना तेव्हाच बोलून दाखवलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

पितृपक्षात यजमान आले पण कमी आले. बोलणारं कुणी नव्हतं, पण कळलेलं सगळ्यांना. पाठशाळेनं खोल्या दिवाळीपर्यंत ठेवा म्हणून कळवलं, उपकारच केले. पहाटे पोरांची संथा ऐकू यायची. ह्यांच्या जागी सध्या एक मोठा विद्यार्थीच म्हणवून घ्यायचा, आणि स्वर चुकला की इथं भिंतीपलीकडे ह्यांचं डोकं खाली जायचं. तिथं कुणाचं जायचं नाही.

विद्युल्लता आली, सगळं ऐकलं. मला वाटलं तोंडसुख घेईल. ती एवढंच म्हणाली, "मीच सहा महिने आधी भेटायला हवं होतं तुम्हाला." दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेणारी माणसं मला आवडत नाहीत, पण तिचा राग आला नाही.

आश्विनात पाणी उतरलं. घाटांवर कमरेएवढा गाळ. मल्लाह तो फावड्यांनी ओढून गंगेत ढकलत होते. रामरतीची नाव पुन्हा बालाजी घाटाला लागली आणि चार वाजता ह्यांनी उपरणं उचललं.

"आता कशाला?" मी म्हटलं. "बैल गेला आणि झोपा केला. आता शिकून कुणाला दाखवायचंय?"

"संथा अर्धी टाकू नये."

उपरणं खांद्यावर होतं, डोक्यावर नव्हतं. घाटाकडे तोंड करून बसले. रामरतीनं जागा करून दिली, काही बोलली नाही. मी घरीच राहिले. आता माझा हात लागत नव्हता.

आश्विन सरता सरता, खोल्या सोडायला आठ दिवस उरले असताना, आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. मालविका म्हणून माझी मैत्रीण आहे, तिनं वरच्या गल्लीत एक खोली बघून ठेवली होती, ती बघून परत येताना. पाठशाळेच्या कोपऱ्यावर भिंतीला एक नवा कागद डकवलेला, हातानं ठळक लिहिलेला. मी चालता चालता वाचला. माझं वाचणं तसं, नजर गेली की वाचून झालं. मी पाय उचलला, पण हे थांबले.

"थांब," म्हणाले.

"चला हो, भाजी सुकेल."

"थांब गं." हे कागदाच्या जवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. बोट उचललं आणि भिंतीला लावलं. ओठ घट्ट मिटलेले. विद्युल्लतानं शिकवलं होतं तसे. बोट व वरून फिरलं, मात्रेवरून फिरलं. मग पुढच्या अक्षरावर. किती वेळ लागला असेल, मला तो फार वाटला. एक रिक्षा आली, आम्हाला वळसा घालून गेली.

"वे," हे म्हणाले. "द." आणि माझ्याकडे वळले. चौपन्न वर्षांच्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी बघितला नव्हता. "अगं, वेद. वेद लिहिलंय ना? कुणी सांगितलं नाही मला. मी वाचलं."

"हो," मी म्हटलं. "वेद आहे."

"आणि पुढे?"

पुढे लिहिलं होतं, अध्यापक चाहिए. त्याखाली, लिखने-पढ़ने में समर्थ हो. एकोणतीस वर्षं ह्यांनी 'आणि पुढे' म्हटलं की मी पुढचं वाचलं होतं. पत्रं, पंचांगं, नोटिसा, तो बारा ओळींचा उतारा. माझी जीभ उचललीसुद्धा.

"पुढचं तुम्हीच वाचा," मी म्हटलं.

ह्यांना वाटलं, मी विद्युल्लताचा नियम पाळतेय. मान डोलावली, खूश होऊन, आणि पुन्हा कागदाकडे वळले. बोट पुढच्या अक्षरावर गेलं. अ येत होता त्यांना. ध्या म्हणजे जोडाक्षर, तिथे वेळ लागणार होता. मी भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि उभी राहिले.